शेवटाआधीच सुरू झालेला पुढचा अंक: मार्व्हलचे इव्हेंट आणि थकलेला वाचक (२०१५ ते २०१७)

२०१७ च्या पूर्वार्धात मार्व्हल कॉमिक्सने वाचकांना आणि दुकानदारांना एक अनोखे आश्वासन दिले. 'सीक्रेट एम्पायर' हा त्या वर्षीचा मोठा क्रॉसओव्हर इव्हेंट (अनेक मालिकांतल्या नायकांना एकत्र ओढणारी कथा) आणि त्यामागोमाग येणारी 'जनरेशन्स' ही अंकमाला आटोपली, की पुढचे किमान १८ महिने असा दुसरा इव्हेंट काढला जाणार नाही, असे ते आश्वासन होते. आपला सर्वांत जास्त खपणारा माल काही काळ न विकण्याचे वचन एखाद्या विक्रेत्याने आपण होऊन द्यावे, हे कोणत्याही धंद्यात विरळाच घडते. ते वचन का द्यावे लागले, त्यामागच्या दोन वर्षांत नेमके काय घडले होते आणि पुढे त्या वचनाचे काय झाले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

या काळाविषयी बोलताना, 'इव्हेंट फार झाले म्हणून वाचक कंटाळले' असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. संख्या हे लक्षण होते. वाचकाला खरोखर थकवले ते दोन गोष्टींनी: त्याच्या आवडीच्या मासिक मालिकेची लय पुन्हा पुन्हा मोडली गेली, आणि एखाद्या कथेचा शेवट हाती येण्याआधीच त्या शेवटानंतरच्या कथा त्याच्यापुढे ठेवल्या गेल्या. हा थकवा कंपनीला उशिरा दिसला याचे कारण तिच्या विक्रीच्या रचनेत आहे. ते कारण समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण नीट उलगडत नाही.

पार्श्वभूमी

मार्व्हलची पात्रे केवळ चित्रपटांतून माहीत असलेल्या वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. स्पायडर-मॅन, अ‍ॅव्हेंजर्स, एक्स-मेन, थॉर अशा प्रत्येकाची आपापली मासिक मालिका असते, आणि साधारण २० पानांच्या अंकात ती कथा महिन्यागणिक पुढे सरकते. इव्हेंटमध्ये या सगळ्यांना एकाच संकटात ओढले जाते. मुख्य कथेसाठी सहा ते दहा अंकांची स्वतंत्र मालिका निघते, आणि त्याच वेळी नियमित मालिकांमधूनही त्या संकटाचे पडसाद उमटवणारे अंक काढले जातात. त्यांना 'टाय-इन' म्हणतात. याशिवाय केवळ त्या निमित्ताने निघणाऱ्या छोट्या मालिका आणि सुटे अंक असतात ते वेगळेच.

ही कल्पना नवी नाही. १९८४-८५ मध्ये जिम शूटर यांनी लिहिलेली 'सीक्रेट वॉर्स' ही १२ अंकांची मालिका मॅटेल कंपनीच्या खेळण्यांच्या जोडीने आली, आणि लगेच १९८५-८६ मध्ये प्रतिस्पर्धी डीसीने मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' काढली. इव्हेंटच्या जन्मात व्यापार होता ही तक्रार म्हणून पोकळ आहे. व्यापार पहिल्या दिवसापासूनच होता. फरक पडला तो वारंवारितेत. २००५ मध्ये 'हाउस ऑफ एम', २००६ मध्ये 'सिव्हिल वॉर', २००७ मध्ये 'वर्ल्ड वॉर हल्क', २००८ मध्ये 'सीक्रेट इन्व्हेजन' असा वर्षाला एक हा क्रम आधी बसला. २०१३ मध्ये 'एज ऑफ अल्ट्रॉन' आणि 'इन्फिनिटी' असे दोन झाले, २०१४ मध्ये 'ओरिजिनल सिन' आणि 'अ‍ॅक्सिस' असे पुन्हा दोन.

या क्रमात २००९ हे वर्ष मोठ्या इव्हेंटवाचून गेले होते, ही बाब सहसा नजरेतून सुटते. 'सीक्रेट इन्व्हेजन'च्या शेवटी नॉर्मन ऑस्बॉर्न या खलनायकाच्या हाती देशाच्या सुरक्षेची सूत्रे जातात, आणि पुढचे वर्षभर 'डार्क रेन' या नावाखाली प्रत्येक मालिका त्या परिस्थितीत आपापल्या वाटेने चालत राहते. मग २०१० मध्ये 'सीज' या अवघ्या चार अंकांत त्या पर्वाचा निकाल लागतो. माझ्या मते इव्हेंटची मात्रा कशी असावी याचा नमुना मार्व्हलच्या स्वतःच्याच दप्तरात तेव्हापासून पडून होता.

दोन वर्षांची दिनदर्शिका

२०१५ चा 'सीक्रेट वॉर्स' (नाव जुनेच, कथा नवी) हा मात्र मन लावून उभारलेला इव्हेंट होता. जोनाथन हिकमन यांनी २०१२ पासून 'अ‍ॅव्हेंजर्स' आणि 'न्यू अ‍ॅव्हेंजर्स' या दोन मालिकांमधून, दोन विश्वांतल्या पृथ्वी एकमेकींवर आदळत असल्याची कथा संथपणे रचत आणली होती, आणि एसाद रिबिच यांनी चितारलेल्या या मालिकेत ती पूर्णत्वाला जायची होती. त्यासाठी मार्व्हलने जवळजवळ सगळ्या नियमित मालिका थांबवल्या आणि त्यांच्या जागी त्या कथेतल्या 'बॅटलवर्ल्ड'मध्ये घडणाऱ्या छोट्या मालिका काढल्या. पहिल्या अंकाच्या साडेपाच लाखांच्या आसपास प्रती उत्तर अमेरिकेतल्या दुकानांनी उचलल्या. वाचक इव्हेंटच्या कल्पनेलाच विटले असते, तर हा आकडा दिसला नसता.

घोटाळा झाला तो वेळापत्रकात. आठ अंकांची ठरलेली मालिका नऊ अंकांची झाली, चित्रांना वेळ लागला आणि शेवटचा अंक जानेवारी २०१६ मध्ये आला. परंतु 'ऑल-न्यू ऑल-डिफरंट' या नावाने नव्याने सुरू होणाऱ्या मालिका आधी ठरल्याप्रमाणे ऑक्टोबर २०१५ पासूनच बाजारात येऊ लागल्या होत्या, आणि त्यांच्या कथा तर 'सीक्रेट वॉर्स'नंतर आठ महिन्यांनी घडत होत्या. म्हणजे विश्व वाचणार की नाही हा प्रश्न मुख्य मालिकेत अजून टांगणीला असताना, ते वाचले आहे, नायक आपापल्या कामाला लागले आहेत आणि मधले आठ महिनेही उलटून गेले आहेत, हे वाचकाला शेजारच्याच अंकातून कळत होते. तीन वर्षे धीराने रचलेल्या उत्कंठेची इतकी स्वस्तात वासलात लावल्याचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी ते विसरले गेले असते. पण 'सीक्रेट वॉर्स' जानेवारीत संपतो न संपतो तोच फेब्रुवारी २०१६ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स स्टँडऑफ' सुरू झाला. 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' हा चित्रपट मे महिन्यात प्रदर्शित झाला आणि जूनपासून ब्रायन मायकेल बेंडिस आणि डेव्हिड मार्केझ यांचा 'सिव्हिल वॉर टू' आला. ऑक्टोबरमध्ये एक्स-मेनच्या गोटात 'डेथ ऑफ एक्स', स्पायडर-मॅनच्या गोटात 'क्लोन कॉन्स्पिरसी'. डिसेंबरमध्ये 'इनह्युमन्स व्हर्सेस एक्स-मेन' जोरात असताना 'सिव्हिल वॉर टू'चा शेवटचा अंक अजून यायचा होता. तो २८ डिसेंबरला आला. जानेवारी २०१७ मध्ये 'मॉन्स्टर्स अनलीश्ड', एप्रिलमध्ये 'सीक्रेट एम्पायर', ऑगस्टमध्ये 'जनरेशन्स', सप्टेंबरमध्ये 'व्हेनमव्हर्स' आणि त्याच महिन्याच्या अखेरीस 'मार्व्हल लेगसी'. या सगळ्यांना सारख्याच तोलाचे इव्हेंट म्हणता येणार नाही, काही एकेका गटापुरते होते, हे मान्य. मात्र या काळात कोणत्या ना कोणत्या 'सगळे काही बदलून टाकणाऱ्या' कथेची जाहिरात चालू नव्हती, असा महिना काढून दाखवणे अवघड आहे.

'सिव्हिल वॉर टू'मध्ये तर आधीच्या वर्षीची चूक जशीच्या तशी गिरवली गेली. भविष्य दिसणाऱ्या युलिसिस नावाच्या तरुणाच्या भाकितांवर विसंबून, गुन्हा घडण्याआधीच माणसांना पकडावे की नाही, यावर कॅप्टन मार्व्हल आणि आयर्न मॅन यांच्यात फूट पडते, असा त्याचा विषय. विषय चांगला होता. याही मालिकेचा एक अंक वाढला आणि ती लांबली. दरम्यान ऑक्टोबरमध्ये 'चॅम्पियन्स' ही मालिका सुरू झाली, जिच्यात तरुण नायक या यादवीला उबगून अ‍ॅव्हेंजर्समधून बाहेर पडलेले आहेत. नोव्हेंबरमध्ये 'इन्व्हिन्सिबल आयर्न मॅन'चा नवा पहिला अंक आला, ज्यात टोनी स्टार्कच्या जागी रिरी विल्यम्स आहे. टोनीचे काय होणार या एकाच प्रश्नावर मुख्य मालिका तग धरून होती, आणि उत्तर तिच्या आधी सात आठवडे दुकानात येऊन पडले होते.

मासिक मालिकेवर काय गुदरते

इव्हेंटच्या मुख्य मालिकांवर भरपूर लिहिले जाते. थकवा मात्र तिथे जन्मत नाही. तो जन्मतो त्या मालिकांमध्ये ज्या वाचक आपणहून, आवडीने, दर महिन्याला घेत असतो.

अल ईविंग यांच्या 'मायटी अ‍ॅव्हेंजर्स'चे उदाहरण घ्यावे. ल्यूक केज याच्याभोवती उभी राहिलेली ही मालिका सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली तीच 'इन्फिनिटी'चा टाय-इन म्हणून. सर्वसामान्य माणसाने फोन करावा आणि अ‍ॅव्हेंजर्सनी मदतीला यावे, ही तिची साधी, जिवंत कल्पना आकार घेते न घेते तोच 'ओरिजिनल सिन'चे टाय-इन आले. मग मालिका बंद करून 'कॅप्टन अमेरिका अँड द मायटी अ‍ॅव्हेंजर्स' या नावाने पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू करण्यात आली. तो पहिला अंक 'अ‍ॅक्सिस'चा टाय-इन होता, आणि 'अ‍ॅक्सिस'च्या कथेत नायकांचे स्वभाव उलटे झालेले असल्यामुळे, नव्या वाचकाची ज्या ल्यूक केजशी आणि ज्या नव्या कॅप्टन अमेरिकाशी पहिली भेट झाली, ते दोघेही त्या वेळी आपल्या मूळ स्वभावात नव्हते. शेवटी २०१५ मध्ये ही मालिका संपली ती 'सीक्रेट वॉर्स'ने विश्व बुडवले म्हणून. दोन्ही नावांखाली मिळून २३ अंक निघाले, त्यांत स्वतःच्या बळावर चाललेली कथा शोधायला बोटे पुरतात. ईविंग यांचे कसब असे, की त्यांनी प्रत्येक टाय-इनमधून काहीतरी आपले साधून घेतले. तरीही लेखकाचे बरेचसे कौशल्य खड्डे चुकवण्यात खर्ची पडत असेल, तर वाचकाला गाडीत बसल्याचा आनंद किती मिळणार?

याच लेखकाच्या 'अल्टिमेट्स'लाही पुढे तेच भोगावे लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेने दुसऱ्याच अंकात, ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसला जीवनदात्यात रूपांतरित करण्यासारखी धाडसी कल्पना मांडली. वर्षभरात 'सिव्हिल वॉर टू'ने त्या संघाची दोन शकले केली, १२ व्या अंकावर मालिका थांबली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये नावापुढे दोनचा आकडा लावून नवा पहिला अंक काढावा लागला.

असा प्रत्येक नवा पहिला अंक हे प्रकाशकाच्या लेखी आत येण्याचे दार असते. पण दारातून लोक बाहेरही जातात. पन्नासावा अंक घेणारा वाचक एक्कावन्नावा सवयीने घेतो; मालिका बंद होऊन नव्याने सुरू झाली, की त्याला थांबून विचार करावा लागतो, आणि महिन्याला ३.९९ डॉलर मोजणाऱ्या माणसाने विचार करायला थांबणे हे प्रकाशकाच्या हिताचे नसते. 'अनबीटेबल स्क्विरल गर्ल'ची मालिका जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली, 'सीक्रेट वॉर्स'मुळे आठ अंकांत थांबली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा पहिल्या अंकापासून निघाली, तेव्हा 'हा या वर्षातला आमचा फक्त दुसराच पहिला अंक आहे' अशा अर्थाची कोपरखळी तिच्या मुखपृष्ठावरच छापली होती. कंपनीची चेष्टा कंपनीच्याच मुखपृष्ठावर येते, तेव्हा आतल्या माणसांनाही सगळे कळत असते असे समजायला हरकत नाही.

उलट बाजूचा पुरावाही नोंदवायला हवा. जी. विलो विल्सन यांच्या 'मिस मार्व्हल'ला 'सिव्हिल वॉर टू'ने मोडले नाही, उलट धार दिली. जर्सी सिटीत राहणारी कमाला खान ही कॅप्टन मार्व्हलची निस्सीम चाहती. तिच्याच आज्ञेवरून ती, भाकिताच्या आधारे माणसे कोंडून ठेवणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकावर देखरेख करू लागते, त्यात तिच्या वर्गातल्या मुलाला डांबले जाते, त्याला सोडवू पाहणारा तिचा जिवलग मित्र ब्रूनो कायमचा जखमी होतो आणि आपल्या आदर्शाविषयीची तिची श्रद्धा तुटते. या टाय-इनचा पहिला अंक उघडतो तो १९४७ च्या मुंबईत. फाळणीच्या दिवसांत कमालाचे पूर्वज मुंबई सोडून कराचीला निघाले आहेत, आणि एखाद्या जमातीकडे आगाऊ संशयाने पाहिले गेले की काय होते हे त्या काही पानांत सांगून, लेखिकेने न्यू यॉर्कमधल्या महानायकांच्या भांडणाला त्या भांडणात मुळात नसलेले वजन दिले. मुंबईच्या वाचकाला त्या पानांपाशी थांबायला होते, हे सांगण्याची गरज नाही. यानंतर कमाला कराचीला जाते, ब्रूनो दुरावतो, आणि हे परिणाम त्याच मालिकेत पुढे टिकतात. मुख्य इव्हेंटने जे करायला हवे होते ते एका टाय-इनने केले. मात्र ज्या टाय-इनसाठी मुख्य मालिका वाचण्याची गरजच पडत नाही तोच सर्वांत चांगला निघावा, यातून इव्हेंटच्या बाजूने फारसे काही सिद्ध होत नाही.

आकडे काय दाखवतात आणि काय लपवतात

अमेरिकेतले मासिक कॉमिक मुख्यतः खास कॉमिकच्या दुकानांत विकले जाते, आणि त्या काळी ही सगळी दुकाने डायमंड या एकाच वितरकाकडून माल घेत. अंक बाजारात येण्याच्या साधारण दोन महिने आधी छापील सूची निघे, तिच्यावरून दुकानदार मागणी नोंदवत असे आणि अंकाच्या साधारण तीन आठवडे आधीपर्यंत तिच्यात फेरफार करू शकत असे. न खपलेला अंक सहसा परत करता येत नाही. प्रकाशकाची विक्री तिथेच पूर्ण होते; अंक वाचकाने नेला की दुकानात धूळ खात पडला, याच्याशी त्या महिन्याच्या हिशेबाचा संबंध नसतो.

आता यात पंधरवड्याने निघणारा इव्हेंट बसवून पाहावा. एप्रिलमधल्या शून्य क्रमांकाच्या अंकानंतर 'सीक्रेट एम्पायर'चा पहिला अंक मे २०१७ च्या आरंभी आला आणि पुढचा दोन आठवड्यांनी. म्हणजे पहिल्या अंकाला वाचक कसा प्रतिसाद देतात हे कळण्याआधीच दुसऱ्या अंकाची मागणी पक्की झालेली होती, आणि तिसऱ्यासाठी दुकानदाराच्या हातात जेमतेम काही दिवस होते. मासिक मालिकेत दुकानदाराला चूक सुधारण्याची जी थोडीफार उसंत मिळते, ती इव्हेंटच्या वेगात उरत नाही. शिवाय दुर्मीळ व्हेरिअंट (त्याच अंकाच्या, पण वेगळ्या चित्राच्या) मुखपृष्ठांचे आमिष असते: ठरावीक संख्येने साध्या प्रती मागवल्या तरच ते मुखपृष्ठ असलेली एक प्रत मिळते, ती चढ्या भावाने विकता येते, आणि तिच्यापायी मागवलेल्या साध्या प्रती मात्र दुकानात राहतात. अशा प्रतीही विक्रीच्या आकड्यात मोजल्या जातात.

त्यामुळे इव्हेंट नेहमी खपतानाच दिसतो. वाचक थकला की पहिला फटका दुकानदाराला बसतो. तो पुढच्या वेळी हात आखडता घेतो, आणि तेव्हा कुठे प्रकाशकाच्या ताळेबंदात खड्डा दिसू लागतो. 'सीक्रेट वॉर्स'च्या पहिल्या अंकाची मागणी साडेपाच लाखांच्या घरात होती, 'सिव्हिल वॉर टू'च्या पहिल्या अंकाची ३ लाख ८० हजारांच्या आसपास, आणि 'सीक्रेट एम्पायर'च्या पहिल्या अंकाची दोन लाखांच्याही खाली. चाळीस टक्क्यांहून मोठी ही शेवटची घसरण एका वर्षाच्या आतली आहे. तिच्यात 'सीक्रेट एम्पायर'बद्दलची नाराजी कमी आणि 'सिव्हिल वॉर टू'च्या उरलेल्या गठ्ठ्यांची आठवण जास्त आहे, असे मी मानतो.

वाचकाच्या खिशाचा हिशेब तर अगदी साधा आहे. 'सीक्रेट एम्पायर'चे शून्य ते दहा असे ११ अंक झाले; प्रत्येकी निदान ३.९९ डॉलर धरले तरी केवळ मुख्य कथेचे ४३ डॉलरहून अधिक होतात, आणि काही अंकांची किंमत त्याहून जास्त होती. टाय-इन त्यात धरलेले नाहीत.

'सीक्रेट एम्पायर'

मे २०१६ मध्ये निक स्पेन्सर यांच्या 'कॅप्टन अमेरिका: स्टीव्ह रॉजर्स'च्या पहिल्याच अंकाच्या शेवटी कॅप्टन अमेरिका, म्हणजे मूळचा स्टीव्ह रॉजर्स, 'हेल हायड्रा' म्हणतो; हायड्रा ही त्याच्या जुन्या शत्रूंची फॅसिस्ट संघटना. वास्तव बदलू शकणाऱ्या कोबिक नावाच्या शक्तीने त्याचा भूतकाळच बदलला आहे आणि तो आता पूर्वीपासूनच हायड्राचा हस्तक आहे, हे पुढच्या अंकात उलगडते. वर्षभर हे बीज वाढवून एप्रिल २०१७ पासून 'सीक्रेट एम्पायर'मध्ये त्याने अमेरिकेची सत्ता हाती घेतल्याची कथा मांडली गेली. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू कलावंतांनी, अमेरिका महायुद्धात उतरण्यापूर्वीच, हिटलरला ठोसा लगावणारा नायक म्हणून हे पात्र जन्माला घातले होते. त्यालाच फॅसिस्ट सत्तेचा म्होरक्या करणे अनेकांना असह्य झाले, आणि त्या वेळच्या अमेरिकी राजकारणाने त्यात तेल ओतले.

हा वाद थकव्यापासून वेगळा काढून पाहणे गरजेचे आहे, कारण दोन्हींची गल्लत सहज होते. तापलेला वाचक थकलेला नसतो. रागावण्यासाठी आस्था लागते. परंतु मे २०१७ मध्ये मार्व्हलने जाहीर निवेदन काढून, कथा पूर्ण होईपर्यंत धीर धरा, असे वाचकांना विनवले, तेव्हा दोन्ही धागे एकत्र आले. आधीच्या दोन वर्षांत शेवटापर्यंत थांबण्याचे फळ काय मिळते हे वाचकाने पाहिले होते. शिवाय इव्हेंटमधल्या मृत्यूंना किंमत उरली नव्हती. २०१४ मध्ये गाजावाजा करून मारलेला वुल्व्हरिन परत येण्याच्या बेतात होता, 'सिव्हिल वॉर टू'मध्ये मारलेल्या ब्रूस बॅनरला 'सीक्रेट एम्पायर'मध्येच पुन्हा उठवण्यात आले, आणि याच कथेत ब्लॅक विडो मेली ती पुढच्या वर्षी पुन्हा जिवंत दिसण्यासाठी. रोज मरे त्याला कोण रडे! शेवटी बनावट स्टीव्हचा खऱ्या स्टीव्हने पराभव केला, म्हणजे ज्या नायकाचा अधःपात पाहायला वाचकाला वर्षभर थांबवले, तो मुळी तो नायक नव्हताच.

प्रचाराच्या बाबतीत कंपनीचे तारतम्य सुटलेले होते. हायड्राचे चिन्ह असलेले सदरे दुकानांना पाठवून, कर्मचाऱ्यांनी ते घालावेत असे सुचवण्यात आले, आणि काही दुकानदारांनी त्याला साफ नकार दिला.

निदान आणि नंतरचे उपाय

मार्च २०१७ च्या अखेरीस मार्व्हलने दुकानदारांच्या प्रतिनिधींशी न्यू यॉर्कमध्ये बैठक केली. त्या सुमारास विक्री विभागाचे प्रमुख डेव्हिड गेब्रियल यांनी एका मुलाखतीत, दुकानदारांकडून आपण जे ऐकले त्यानुसार लोकांना आणखी विविधता, आणखी स्त्री-नायिका नको आहेत, अशा आशयाचे विधान केले. त्यावर गदारोळ झाल्यावर खुलासाही केला. माझ्या मते हे निदान चुकीचे होते. २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळवणारी 'मिस मार्व्हल' आणि जेन फॉस्टर ही स्त्री थॉर झालेली 'थॉर' या त्या काळातल्या सर्वाधिक आस्थेने वाचल्या गेलेल्या मालिकांपैकी होत्या. त्यांच्यात नवे पात्र होते आणि त्याला एकच लेखक दीर्घकाळ सांभाळत होता. ज्या नव्या पात्रांचे बस्तान बसले नाही, त्यांच्यापैकी अनेकांच्या मालिका इव्हेंटच्या गर्दीत सुरू होऊन दुसऱ्या इव्हेंटच्या गर्दीत संपल्या. रोप रुजले नाही म्हणून बियाण्याला दोष देण्याआधी ते कितीदा उपटून पुन्हा लावले हे पाहायला हवे होते.

सप्टेंबर २०१७ च्या 'मार्व्हल लेगसी'ने जुने, मोठे अंकक्रमांक परत आणले. पण त्या मोहिमेतल्या लेंटिक्युलर (कोन बदलला की चित्र बदलणाऱ्या) मुखपृष्ठांसाठी आधीच्या अंकांपेक्षा जास्त प्रती मागवण्याची अट घातली गेल्याने काही दुकानदारांनी उघड बहिष्काराची भाषा केली. म्हणजे दुखणे ज्या जागी होते, तिथेच पुन्हा बोट खुपसले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुख्य संपादक अ‍ॅक्सेल अलोन्सो पायउतार झाले आणि सी. बी. सेबुल्स्की त्या जागी आले.

१८ महिन्यांच्या विश्रांतीचे काय झाले? मोठा, सगळ्यांना ओढणारा इव्हेंट म्हणजे 'वॉर ऑफ द रेल्म्स', आणि तो एप्रिल २०१९ मध्ये आला. तेवढ्यापुरते वचन पाळले गेले असे म्हणता येईल. परंतु मधल्या काळात २०१८ च्या मार्चपासून 'इन्फिनिटी काउंटडाउन' आणि ऑगस्टपासून 'इन्फिनिटी वॉर्स' चालूच होते. विश्रांतीची व्याख्या प्रकाशकाने केली, वाचकाने नव्हे.

तरी एक बदल खरा होता, आणि तो संख्येपेक्षा रचनेतला होता. 'वॉर ऑफ द रेल्म्स' सहा अंकांत, सुमारे तीन महिन्यांत संपला. जेसन आरन यांनी 'थॉर'मध्ये वर्षानुवर्षे जे पेरले होते त्याचेच ते पीक होते, आणि त्याचे बरेचसे जोडकथानक स्वतंत्र छोट्या मालिकांमध्ये ठेवल्याने अनेक नियमित मालिका आपल्या गतीने चालू राहिल्या. या बदलाचा खरा लाभ जून २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'इमॉर्टल हल्क'ला मिळाला. लेखक पुन्हा अल ईविंगच होते, ज्यांच्या 'मायटी अ‍ॅव्हेंजर्स'ला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नव्हती. 'अ‍ॅब्सोल्यूट कार्नेज' आणि 'किंग इन ब्लॅक' हे इव्हेंट आले, तेव्हा हल्कचा त्यांतला सहभाग सुट्या, वेगळ्या नावाच्या अंकांत काढण्यात आला. ज्याला हवा त्याने तो घेतला, ज्याला नको होता त्याची मूळ कथा एका पानानेही अडली नाही. ही भयकथेच्या अंगाने जाणारी मालिका ऑक्टोबर २०२१ पर्यंत, एकही नवा पहिला अंक न काढता, सलग ५० अंक चालली.

इव्हेंट त्यानंतरही थांबले नाहीत: २०२० मध्ये 'एम्पायर', २०२२ मध्ये 'जजमेंट डे', २०२४ मध्ये 'ब्लड हंट'. या तिन्हींची लांबी पाच-सहा अंकांची होती. 'ब्लड हंट' मात्र साध्या आवृत्तीबरोबरच अधिक रक्तपात दाखवणाऱ्या, महागड्या 'रेड बँड' आवृत्तीतही विकला गेला, आणि दोन्ही आवृत्त्या किती मागवायच्या याचा अंदाज अंक हाती येण्याआधी बांधण्याचे काम पूर्वीसारखेच दुकानदाराकडे राहिले.